सिम्युलेटरवर गेलेला स्लाइस कोर्सवर परत येतो? काय तपासायचं आणि कुठे दुरुस्त करायचं

तक्रार बहुतेक अशी असते: पावसाळाभर गोल्फ सिम्युलेटरवर (खोलीत पडद्यावर बॉल मारायचा, यंत्र तो मोजतं) घाम गाळला, शेवटी शेवटी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, सरळ जायला लागला, आणि कोर्स कोरडा झाल्यावर पहिल्याच टीवरून बॉल उजवीकडच्या झाडांत. कॅडी काही न बोलता दुसरा बॉल पुढे करतो. मुंबई-पुण्यात हे ऑक्टोबरात घडतं, टोरंटो-शिकागोच्या मराठी मंडळींकडे बर्फ वितळल्यावर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. असा परत आलेला स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा शॉट, बहुतेक वेळा गेलेलाच नसतो. पडद्यावर बॉल फेअरवेत (मधल्या कापलेल्या हिरवळीत) पडताना दिसला म्हणून तो गेला असं आपण धरून चालतो. आणि ज्यांचा खरोखर जायच्या बेतात असतो त्यांचा बॉल मध्ये काही दिवस डावीकडे जातो. ते बघवत नाही म्हणून ते जुन्या स्विंगकडे पळतात. दोन्ही दुखण्यांवर सिम्युलेटर उपयोगी आहे. फक्त पडद्यावरच्या हिरवळीकडे न बघता बाजूला उमटणारे चार-पाच आकडे बघायची सवय लावावी लागते.

खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं आणि अधिक-उणे उलटं करून वाचावं.

वळण कुठून येतं

क्लब आणि बॉल यांची गाठ जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. तेवढ्यात दोन दिशा महत्त्वाच्या: क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) कुठे बघत होता आणि क्लबचं डोकं कुठे चाललं होतं. पहिलीला यंत्र फेस अँगल म्हणतं, दुसरीला क्लब पाथ. लक्ष्याच्या उजवीकडे असेल तर अधिक, डावीकडे असेल तर उणे.

बॉल निघतो मुख्यतः फेसच्या दिशेनं. ड्रायव्हरला यात फेसचा वाटा सुमारे ८५ टक्के, आयर्नला (मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबला) ७५ च्या आसपास. वळतो मात्र फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. फेस पाथच्या मानानं उजवीकडे उघडा असला की फिरकीचा आस उजवीकडे कलतो आणि बॉल तिकडे वळतो. हा फरक म्हणजे फेस टू पाथ, आणि स्लाइसचा जवळजवळ सगळा हिशोब या एका आकड्यात आहे.

पूर्वीचे प्रो (गोल्फ शिकवणारे) उलटं शिकवायचे: बॉल पाथच्या दिशेनं निघतो आणि फेस बघत असतो तिकडे वळतो. थिओडोर जॉर्गेन्सन या भौतिकशास्त्रज्ञानं नव्वदच्या दशकातच खरं गणित मांडलं होतं, पण रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, ते पटायला २००३ साली स्थापन झालेल्या ट्रॅकमन या डॅनिश कंपनीची रडार यंत्रं यावी लागली. जुना नियम अजून तोंडोतोंडी फिरतोच. "साहेब, लेफ्टला एम करा" (डावीकडे नेम धरा) या सल्ल्यामागे तोच असतो. त्या दिवशीचा राउंड वाचवायला सल्ला वाईट नाही. पण स्लाइस कायमचा मुक्कामाला आणायचा असेल तर याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. कसा ते आकड्यांत बघू.

समजा पाथ -७ आहे आणि फेस -२. म्हणजे फेस लक्ष्याच्या डावीकडे बघतोय. तरीही फेस टू पाथ +५, त्यामुळे बॉल उजवीकडेच वळणार. किती, ते स्पिन लॉफ्टवर अवलंबून. म्हणजे आघाताच्या वेळी फेसला असलेला लॉफ्ट (फेसचा वरच्या बाजूचा कल) आणि क्लब ज्या उभ्या कोनातून येतो तो, यांतलं अंतर. ड्रायव्हरला ते १५ अंश धरलं तर फिरकीचा आस साधारण १८ अंश कलतो. आस एक अंश कलला की बॉल कॅरीच्या (हवेत कापलेल्या अंतराच्या) सुमारे ०.७ टक्के बाजूला जातो असा ठोकताळा आहे. २०० यार्ड कॅरीला हे झाले २५ यार्ड. निघाला तेव्हा बॉल १० यार्ड डावीकडच्या रेषेवर होता, पडला १५ यार्ड उजवीकडे.

आता हाच माणूस आणखी डावीकडे मारतो. पाथ -१०, फेस -४. बॉल १७ यार्ड डावीकडच्या रेषेवर निघतो, ३० यार्ड वळतो आणि १३ यार्ड उजवीकडे उतरतो. पडद्यावर बॉल लक्ष्याच्या जवळ आला, मित्रांनी टाळी दिली. प्रत्यक्षात फेस टू पाथ +५ चा +६ झालाय. स्लाइस वाढलाय, फक्त तो बरोबर जागी पडतोय. आठवडाभर असा सराव केला की हात तो तिरका मार्ग पाठ करतात. मग ज्या दिवशी फेस दोन अंश जास्त उघडा राहील त्या दिवशी बॉल सरळ ओबी, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर.

आयर्न बरा जातो आणि ड्रायव्हरच का बिघडतो, याचं उत्तरही इथेच आहे. सेव्हन आयर्नला स्पिन लॉफ्ट ३० अंशांच्या आसपास असतं. तोच +५ चा फरक तिथे आस साडेनऊ अंशच कलवतो. १४० यार्डांच्या शॉटला वळण ९ यार्ड. त्याला आपण कौतुकानं फेड, म्हणजे उजवीकडचं हलकं वळण, म्हणतो. आजार दोन्हीकडे सारखाच, ड्रायव्हर तो मोठा करून दाखवतो. त्यामुळे "माझे आयर्न मस्त आहेत, फक्त ड्रायव्हर बघा" असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचा सेव्हन आयर्नचा फेस टू पाथ विचारतो.

आधी यंत्राची झडती

स्विंगला हात लावण्यापूर्वी समोरचे आकडे मोजलेले आहेत की अंदाजानं काढलेले, हे कळायला हवं. सिम्युलेटर चालवणाऱ्याला सरळ विचारा: हे यंत्र क्लब बघतं की फक्त बॉल?

स्वस्तातली बरीच यंत्रं फक्त बॉल बघतात. बॉल कुठल्या दिशेनं निघाला आणि त्याचा आस किती कलला, यावरून ती फेस आणि पाथ उलट गणितानं काढतात, आणि त्यात बॉल फेसच्या मधोमध लागला असं गृहीत धरतात. तुमचा बॉल हीलवर, म्हणजे फेसच्या दांडीकडच्या भागावर, लागत असेल तर अशा यंत्राचा निष्कर्ष चुकतो. ते पाथला दोष देईल आणि तुम्ही महिनाभर पाथ सुधारत बसाल. क्लब खरोखर मोजणाऱ्या कॅमेरा यंत्रांपैकी काहींना क्लबच्या फेसवर ठिपक्यांचे स्टिकर लावावे लागतात. स्टिकर नसेल तर फेस अँगल मिळतच नाही.

रडारची गंमत वेगळी. मोकळ्या रेंजवर त्याला बॉल लांबपर्यंत दिसतो, खोलीत तो काही फुटांत पडद्यावर आदळतो. तेवढ्यात फिरकी नीट मोजायची तर बॉलवर धातूचा ठिपका लागतो, किंवा त्यासाठीच बनवलेले बॉल, उदाहरणार्थ टायटलिस्टचे आरसीटी. टोपलीतले झिजलेले बॉल वापरत असाल तर स्पिन ॲक्सिसच्या (फिरकीच्या आसाच्या) आकड्यावर भांडू नका, तो अंदाज असण्याची शक्यता मोठी.

मग दिशा. अनेक खोल्यांत डावखुऱ्यांची सोय म्हणून किंवा जागा कमी म्हणून टी पडद्याच्या मध्यावर नसते, एका बाजूला असते. यंत्राची लक्ष्यरेषा टीपासून सरळ समोर जाते. तुम्ही मात्र पडद्याच्या मधोमध दिसणाऱ्या झेंड्याकडे नेम धरता. हा घोळ इतका साधा आहे की कुणाला सुचत नाही. तपासायची रीत: अलाइनमेंटची काठी टीपासून यंत्राच्या लक्ष्यरेषेवर ठेवा, आणि वेजनं तिच्या बाजूनं छोटे, अगदी हळू चिप मारा. लाँच डायरेक्शन (बॉल निघाला ती दिशा) शून्याच्या आगेमागे यायला हवी. दर वेळी एकाच बाजूला दोन-तीन अंश दाखवत असेल तर यंत्र वाकडं ठेवलंय.

इथे एक दिलासा आहे. यंत्र वाकडं असेल तर फेस आणि पाथ दोन्ही सारखेच सरकतात, त्यांच्यातला फरक तसाच राहतो. म्हणून अनोळखी ठिकाणी गेलात तर बाकी कशावर नाही तरी फेस टू पाथवर भरवसा ठेवता येतो. तो मोजलेला असला पाहिजे, एवढीच अट.

सॉफ्टवेअरही एकदा बघून घ्या. काहींत नवख्यांसाठी बाजूचं वळण कमी करून दाखवायची सोय असते, आणि आधीचा गट ती चालू ठेवून गेलेला असतो. वारा शून्यावर आहे का, खेळाडू उजव्या हाताचा नोंदवलाय का, हे बघायला मिनिटही लागत नाही.

छताकडे मान वर करून बघा. दहा फुटांपेक्षा कमी असेल आणि तुम्ही उंच असाल तर ड्रायव्हर तिथे मारूच नका. क्लब छताला लागो न लागो, लागेल ही धास्ती पुरेशी असते. शरीर स्विंग आखडतं, हात वर जायच्या ऐवजी छातीसमोरून आडवे येतात, आणि पाथ आणखी डावीकडे जातो. अशा खोलीत आयर्नवर काम करावं, ड्रायव्हरसाठी दुसरी जागा शोधावी.

तुमचा स्लाइस कुठला

यंत्र खरं बोलतंय याची खात्री झाली की नेहमीच्या स्विंगनं ड्रायव्हरचे काही शॉट मारा, सुधारायचा प्रयत्न न करता. पडद्यावर आकड्यांचाच तक्ता लावा. एखाद्या शॉटचं मनावर घेऊ नका, मधला कल बघा.

पाथ बराच उणे आणि फेस शून्याच्या आसपास किंवा थोडा उणे, हा सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार. बॉल डावीकडून निघतो आणि उजवीकडे वळतो. पाथ शून्याजवळ पण फेस +४, +५ असेल तर बॉल निघतोच उजवीकडे आणि आणखी उजवीकडे जातो; इथे बहुतेक ग्रिपचा नाहीतर मनगटाचा प्रश्न. तिसरा प्रकार फसवा: फेस टू पाथ शून्याजवळ, तरी स्पिन ॲक्सिस +१० च्या पुढे. फेस आणि पाथ दोन्ही ठीक असताना वळण आलं कुठून? हीलवरून. ड्रायव्हरचं वजन फेसच्या बरंच मागे असतं. बॉल मधल्याऐवजी हीलच्या बाजूला लागला की डोकं आघातात फिरतं आणि बॉलला त्याच्या उलट, म्हणजे उजवीकडे वळवणारी फिरकी देतं. आयर्नमध्ये हा परिणाम फार कमी असतो. या तिसऱ्या प्रकाराला ग्रिप बदलून काहीही होत नाही.

आधी फेस

पहिल्या दोन्ही प्रकारांत माझा आग्रह फेसपासून सुरुवात करण्याचा आहे. सगळे प्रो याला मान डोलावणार नाहीत. बरेच जण थेट "ओव्हर द टॉप", म्हणजे क्लब बाहेरून डावीकडे ओढणं, बंद करायला घेतात. पण तिरका पाथ आला कुठून ते बघा. सुरुवातीला फेस उघडा होता, बॉल उजवीकडे जात होता, म्हणून शरीरानं न सांगता डावीकडे ओढायला सुरुवात केली. शरीराचा तो उपाय आहे. फेस उघडा ठेवून पाथ सरळ केलात तर बॉल थेट उजवीकडे निघून जाईल आणि शरीर दोन दिवसांत जुना उपाय परत आणेल. फेस बंद व्हायला लागला की तोच तिरका पाथ बॉल डावीकडे फेकतो, आणि मग शरीराला पाथ बदलायला कारण मिळतं.

ग्रिप बघा. टीवर उभे राहून खाली पाहिलं की डाव्या मुठीचे दोन ते तीन नकल (बोटांच्या मुळाची हाडं) दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे फिरवून धरा. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत होणारा व्ही उजव्या खांद्याकडे जायला हवा. क्लब बोटांत धरायचा, तळव्यात नाही. नवी ग्रिप विचित्र वाटते, आणि विचित्र वाटत नसेल तर बहुधा ती बदललेलीच नाही.

मग फोन मागे ठेवून बॅकस्विंगच्या टोकाचा व्हिडिओ घ्या. डावं मनगट मागे मोडलेलं असेल, म्हणजे हाताची पाठ आणि बाहू यांच्यात खळगा पडत असेल, तर फेस तिथेच उघडलाय. मनगट सपाट, किंवा किंचित उलट्या बाजूला वाकलेलं हवं, मोटरसायकलची मूठ पिळल्यासारखं. खाली येताना घाईघाईनं फेस बंद करायला वेळ नसतो. तो वरूनच ठीक आला पाहिजे.

आपल्याकडे क्रिकेट खेळून गोल्फकडे आलेले पुष्कळ. त्यांना एक वेगळं सांगणं: स्ट्रेट ड्राइव्हमध्ये बॅटचा फेस शेवटपर्यंत समोर धरून ठेवायला शिकवतात, आणि ती सवय हाडांत मुरलेली असते. गोल्फचा क्लब शरीराभोवती गोल फिरतो, त्याची दांडी डोक्याच्या एका टोकाला जोडलेली असते. फेस धरून ठेवला म्हणजे तो उघडाच राहिला. त्याला फिरू द्यायला लागतं. चांगल्या बॅट्समनला हे जास्त जड जातं, असं माझं निरीक्षण आहे.

आता सेव्हन आयर्न घ्या. हात कमरेपर्यंत मागे, कमरेपर्यंत पुढे, एवढाच स्विंग. उद्देश सरळ मारणं नाही. मुद्दाम हुक, म्हणजे डावीकडे वळणारा शॉट, काढणं. फेस टू पाथ -३ ते -५ दिसायला हवा. बॉल डावीकडे गेला की तो बरोबर शॉट. पुढे हात कमरेपाशी थांबवून बघा: क्लबचं टोक आकाशाकडे किंवा थोडं डावीकडे झुकलेलं असावं. फेस आकाशाकडे बघत असेल तर तो अजून उघडा आहे.

इथेच लोक सोडून देतात. पुरा स्विंग घेतला की बॉल लक्ष्याच्या डावीकडे वीस-तीस यार्ड जातो, कधी जमिनीलगत हुक. वाटतं की स्लाइस बरा होता, निदान ओळखीचा होता. प्रो किंवा मित्र शेजारी असेल तर तोही म्हणतो, आता डावीकडे चाललाय, ग्रिप परत पहिल्यासारखी कर. करू नका. वर्षानुवर्षं उजवीकडे गेलेल्या बॉलनं पाथ डावीकडे ढकलला. तो परत यायचा तर काही काळ डावीकडे गेलेले बॉल बघावेच लागतील. कोर्सवर हा टप्पा पार पडत नाही. प्रत्येक हुकला बॉल हरवतो, स्कोअर लिहावा लागतो, मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा असतो. बंद खोलीत बॉल कापडाला लागून पायाशी परत येतो. सिम्युलेटरचा सगळ्यात मोठा उपयोग मला तरी हाच वाटतो, आणि त्यासाठी तिथे कुणाशी पैज लावून खेळू नये. ते आठवडे एकट्यानं जावं.

मग पाथ

फेस टू पाथ शून्याच्या खाली यायला लागला की पाथचा आकडा बघा. बरेचदा तो आपणहून -७ वरून -४ वर आलेला असतो. उरलेल्यासाठी उभं राहण्यापासून सुरुवात.

स्लाइस करणाऱ्याचे पाय लक्ष्याच्या दिशेनं असले तरी खांदे डावीकडे उघडे असतात. ड्रायव्हरचा बॉल पुढच्या पायाच्याही पुढे ठेवला की हे हमखास होतं, कारण तिथवर पोचायला खांदे उघडावेच लागतात. बॉल डाव्या टाचेच्या रेषेत आणा. याला दुसरंही कारण आहे. क्लब वर जात असताना बॉलला लागला तर पाथ डावीकडे सरकतो, खाली येताना लागला तर उजवीकडे. ड्रायव्हरला हे जवळपास अंशाला अंश. एकाच स्विंगमध्ये आयर्नचा पाथ -३ आणि ड्रायव्हरचा -८ दिसतो त्यात या भूमितीचा वाटा मोठा आहे. स्विंग वेगळा आहे असं समजून घाबरायचं कारण नाही.

बॉलच्या पलीकडे आणि थोडं मागे हेडकव्हर ठेवून त्याला न लागता मारायचा जुना ड्रिल आहे. अजूनही उत्तम. खोलीत मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. टणक काही ठेवू नका, ते उडून प्रोजेक्टरला किंवा कुणाला लागेल. घडी केलेला नॅपकिन पुरतो. आणि यंत्र बॉलच्या समोर जमिनीवर ठेवायचं कॅमेऱ्याचं असेल तर तुमचा नॅपकिन नेमका त्याच्या डोळ्यांसमोर येतो आणि शॉट नोंदलाच जात नाही. मग दुसरा मार्ग: उजवा पाय अर्धं पाऊल मागे घ्या, खांदेही त्याच रेषेत बंद ठेवा आणि पाठ लक्ष्याकडे थोडी जास्त वेळ राहू द्या. पाथ अधिकमध्ये जाताना पहिल्यांदा दिसला की तो स्विंग कसा वाटला ते लगेच स्वतःशी बोलून ठेवा. बहुतेकांना तो बेसबॉलच्या राइट फील्डला फेकल्यासारखा, भलताच उजवीकडे वाटतो आणि आकडा जेमतेम +१ असतो.

अंगाला जे वाटतं आणि यंत्र जे मोजतं त्यांतली दरी बुजवायला एक सवय फार कामी येते: शॉट मारल्यावर पडद्याकडे बघण्याआधी आकडा ओळखायचा. "पाथ -२, फेस -१." मग बघायचं. ओळख जुळायला लागली की यंत्राशिवायही स्विंग कळायला लागतो. ही सवय नसेल तर यंत्र बंद झालं की सगळं विसरायला होतं.

लक्ष्य काय ठेवायचं? फेस टू पाथ +२ ते -२ च्या मध्ये. अगदी शून्याच्या मागे लागू नका. +२ ला २०० यार्डांवर वळण १० यार्डांच्या आसपास येतं, ते फेअरवेत मावतं. आयर्ननंतर हायब्रिड, मग फेअरवे वुड, मग ड्रायव्हर. आणि ड्रायव्हर आधी सत्तर टक्के जोरानं. जोर वाढवला की जुनी सवय आधी जागी होते, त्यामुळे क्लब स्पीड थोडा थोडा वाढवत कुठल्या वेगाला फेस टू पाथ बिघडतो ते टिपून ठेवा. सध्या कोर्सवर त्या वेगाच्या वर जायचं नाही.

हीलचा स्लाइस

पांढऱ्या बोर्डवर लिहायच्या मार्करनं बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका काढा आणि मारा. फेसवर खूण उमटते. खुणा हीलकडे गोळा होत असतील तर उभं राहायचं अंतर बघा. बॉलच्या फार जवळ उभे असाल, किंवा डाउनस्विंगमध्ये वजन टाचांवरून पंजांवर जाऊन शरीर बॉलकडे झुकत असेल. सुरुवातीला क्लब टेकवतानाच बॉल फेसच्या टोकापाशी ठेवून मारा. क्लब अर्धा-एक इंच खाली धरला तरी खुणा मध्याकडे सरकतात. क्लब मोजणारं यंत्र नसलेल्यांनी ही मार्करची तपासणी सगळ्यात आधी करावी, वरचं काहीही करण्यापूर्वी.

नवा ड्रायव्हर घ्यावा का, हा प्रश्न येतोच. असलेल्याच ड्रायव्हरचा लॉफ्ट बदलता येत असेल तर तो वाढवा. स्लीव्ह (दांडी डोक्याला जोडणारा भाग) फिरवून लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंदही होतो. सरकवता येणारं वजन असेल तर ते हीलकडे न्या. यानं दोन-तीन अंशांचं दुखणं झाकलं जातं. +६ वाल्याला कुठलाही ड्रॉ-बायस (बॉल डावीकडे वळवायला बनवलेला) क्लब वाचवत नाही, आणि दुकानदार हे सांगत नाही.

कोर्सवर परत आला तर

आकडे महिनाभर चांगले होते, मोजलेले होते, तरी कोर्सवर उजवीकडे. असंही होतं, कारण खोलीत काही गोष्टी फुकट मिळत होत्या.

पहिली म्हणजे रेषा. मॅटच्या कडा आणि त्यावरच्या पट्ट्या तुमचे पाय आपोआप जुळवतात. कोर्सवर टी बॉक्स सरळ फेअरवेकडे रोखलेला असेलच असं नाही. बॉलच्या मागे उभं राहून तीन-चार फुटांवरचं पान, डिव्हट (क्लबनं उकरलेला गवताचा खळगा), काहीही निवडा आणि फेस आधी त्याच्याकडे लावा, पाय नंतर. हे सिम्युलेटरवरही मॅटशी मुद्दाम तिरकं उभं राहून शिकता येतं.

मॅट जाड शॉटही माफ करते. क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला तरी रबरावरून सरकतो आणि आकडे बरे येतात. टायगर वुड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांच्या कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडात पडद्यावरची टीजीएल लीग सुरू केली, तिथेही खेळाडूंना मारायला खरं गवत आणि वाळू दिली आहे. ड्रायव्हरला टीमुळे हा फरक कमी जाणवतो, पण रबरी टीची उंची तुमच्या लाकडी टीएवढीच आहे का, ते बघा.

जमीन खोलीत नेहमी सपाट. पुण्याजवळच्या ऑक्सफर्डसारख्या डोंगरउतारावरच्या कोर्सवर बॉल पायांच्या खाली असला की तो उजवीकडे जाण्याकडेच झुकतो. तो स्लाइस तुमचा नाही, उताराचा आहे; त्यासाठी ग्रिप बदलायची नाही, नेम बदलायचा. डावीकडून उजवीकडे वाहणाऱ्या वाऱ्याचंही तेच.

आणि घाम. एसी खोलीत हात कोरडे असतात. मुंबईच्या दमट हवेत दुसऱ्या होलपर्यंत ग्लव्ह ओला, क्लब निसटेल म्हणून मूठ आवळलेली, मनगटं ताठ, फेस उघडा. दोन-तीन ग्लव्ह आळीपाळीनं वापरा, टॉवेल हाताशी ठेवा, गुळगुळीत झालेल्या ग्रिप्स बदलून घ्या. हे इतकं क्षुल्लक वाटतं की कुणी करत नाही आणि मग पाथवर खापर फोडतात.

राउंडच्या मध्येच स्लाइस आला तर तिथे दुरुस्ती करत बसू नका. ड्रायव्हर बॅगेत टाका, जास्त लॉफ्टचा क्लब काढा, बॉल जिकडे वळतोय तेवढी जागा सोडून नेम धरा. कॅडीचा "लेफ्टला एम करा" इथे चालतो. फक्त फेस आणि पाय दोन्ही डावीकडे न्या आणि नेहमीसारखा स्विंग करा. पाय डावीकडे, फेस लक्ष्याकडे असं उभं राहिलात तर वळण वाढेल.

त्याच आठवड्यात परत सिम्युलेटरवर जा आणि पहिले काही शॉट काहीही न बदलता मारा. पाथ जागेवर असून फेस उघडला असेल तर ग्रिप आणि मनगटाकडे परत. फेस ठीक असून पाथ घसरला असेल तर बॉलची जागा आणि खांदे. दोन्ही आकडे चांगले असतील तर बॉलवर मार्करचा ठिपका काढा.